काटा समोर, रस्ता सापडेना

अश्वजित मुनेश्वर बाबूंनी आयुष्यात एकदाच संचालक मंडळापुढे उभं राहून छातीठोक बोलायची चूक केली. "यापुढे यादीला माणसाचा हात लागणार नाही," असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. अध्यक्ष धावजी नाईक यांनी हे वाक्य कार्यवृत्तात जसंच्या तसं घ्यायला लावलं. आणि एकदा कार्यवृत्तात गेलेलं वाक्य माणसाला जन्मभर सोडत नाही, हे काय सांगायला पाहिजे?

यादी म्हणजे महागावच्या पूसकाठ सहकारी जिनिंगच्या फाटकावर रोज संध्याकाळी लागायची ती. उद्या कोणाची गाडी कितव्या नंबरानं वजनकाट्यावर चढणार, ते तिच्यात असायचं. त्या वर्षी कापसानं सगळ्यांचाच जीव काढला होता. भाव पडलेले, खरेदी केंद्रं मोजकी, आणि गाड्यांची रांग फाटकातून निघून पार पेट्रोलपंपाच्या पलीकडे गेलेली. माणसं गाडीखाली झोपत, गाडीखालीच भाकर खात, आणि संध्याकाळी यादीकडे डोळे लावून बसत. यादी लागली नाही की वैतागलेला माणूस बैल जुंपायचा आणि गाडी चौकातल्या व्यापाऱ्याकडे वळवायचा. व्यापारीही खुर्ची टाकून त्याचीच वाट पाहत बसलेला असायचा.

ही यादी अकरा वर्षं मुनेश्वर बाबू हातानं लिहीत आले होते. अक्षर मोत्यासारखं, पण उपयोग काय? ज्याचा नंबर मागे गेला त्याच्या लेखी बाबू लबाड, आणि ज्याचा पुढे आला तोही काही उपकार मानत नसे. म्हणून त्यांनी मनावर घेऊन ही संगणकाची योजना आणली. काट्याच्या खोलीत एक संगणक, त्यात येणाऱ्या गाड्यांची नोंद होणार. ऑफिसात बाबूंच्या टेबलावर हिशेबासाठी वर्षभर आधीच आलेला दुसरा. दोघांमध्ये आवारातून टाकलेली तार. रोज संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातल्या संगणकानं आपणहून उठायचं, काट्यावरची नोंद आणायची, नंबर लावायचे आणि यादी छापून बाहेर टाकायची. शिपाई सेवादासनं ती फक्त फाटकावर डकवायची. डकवायला लागतो तेवढा माणसाचा हात मंडळानं मंजूर केला होता.

जोडणीला लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला लखन आला. संगणकाच्या दुकानाचा मालक, बोलायला गोड, थांबायला अजिबात तयार नाही. काट्यावरच्या नोंदीपर्यंत पोचायचा पत्ता चांगला हातभर लांब होता. लखन म्हणाला, "बाबू, एवढं लांबलचक कायले लिहत बसता? आपण त्याले नुसतं झेड म्हणू. तुम्ही मशीनवर आपल्या नावानं बसले की झेड हजर." बाबूंना ते फार आवडलं. आपल्याकडे कोणाला पूर्ण नावानं हाक मारायची पद्धतच नाही. खुद्द बाबूंचं पाळण्यातलं नाव अश्वजित, पण गल्लीत ते चाळिशीनंतरही 'बबन'च होते.

पहिल्या दिवशी नारळ फुटला. संचालक, मापारी, पाचपन्नास गाडीवान खिडकीशी दाटीवाटीनं उभे. बाबू इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर. साडेसहाला छपाई यंत्र खर्र करून बोललं आणि यादी बाहेर आली. बाबूंनी दोन्ही हात वर करून दाखवले, म्हणजे हात लागला नाही हे मागच्यांनाही दिसावं.

दुसऱ्या दिवशी बाबू सहाला घरी गेले. पावणेसातला सेवादास सायकलवर धापा टाकत दारात.

"बाबू, यादी नाई आली."

"कशी नाही आली?"

"आता कशी नाई आली हे मी कसं दाखवू?"

बाबू ताटावरून उठले. ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले, आपल्या नावानं मशीन उघडली, कामाची कळ पुन्हा दाबली. खर्र. यादी. फाटकावरून कोणीतरी म्हणालं, "आला बुवा, आता निघंल." बाबूंना ते जरा लागलं.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. बाबू बसलेले असले की यादी वेळेवर, बाबू घरी गेले की नाही. मशीन मागं एक इंग्रजी ओळ लिहून ठेवायची. बाबूंनी ती सेवादासला मराठी करून सांगितली, "रस्ता सापडत नाही, म्हणतो."

सेवादास खिडकीतून आवाराकडे पाहत राहिला. चाळीस पावलांवर काटा. "रस्ता कसा नाई सापडत? काटा तं समोर दिसून राह्यला. अन् तुम्ही बसले की बरा सापडते त्याले."

आता इथं बाबूंचा एक स्वभाव सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्यावर झालं. मागे एका संचालकाच्या भाच्यानं बाबूंच्या नावानं उघड्या मशीनवर दुपारभर पत्ते खेळले होते. तेव्हापासून बाबू उठले की आधी आपलं नाव बंद करत. चहाला गेले तरी बंद, लघवीला गेले तरी बंद. आपल्या नावाचं काहीही उघडं ठेवून जायचं नाही, असा त्यांचा बाणा. यात कोणाला काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. बाबूंना तर नाहीच.

त्यांनी लोहाऱ्याला फोन लावला. लखन म्हणाला, "बंद करून चालू करा." केलं. "पुन्हा एकदा करा." केलं. मग तो म्हणाला तारेत खोट असेल. जिनिंगच्या आवारात उंदीर मांजरांना घाबरत नाहीत, त्यामुळे हे पटण्यासारखं होतं. पण नवी तार घ्यायची तर तीन दरपत्रकं लागतात, दरपत्रकं मागवायची तर ठराव लागतो, आणि ठराव कोणत्या शीर्षाखाली करायचा यावर मंडळात दीड तास चर्चा झाली. अंदाजपत्रकात संगणक हे शीर्षच नव्हतं. शेवटी 'दोर व साखळदंड' या शीर्षाखाली तार मंजूर झाली. बाबूंनी जुनी तार काढताना नीट पाहिली, ती चांगली धडधाकट होती. नवी टाकली. यादीत काडीचा फरक पडला नाही.

मग लखन स्वतः एसटीनं आला. बाबू शेजारी बसले, आपल्या नावानं मशीन उघडून दिली. लखननं काम चालवलं, खर्र, यादी. "काय खराब आहे यात?" असं विचारून, दोन चहा पिऊन तो गेला. संध्याकाळी बाबूंनी नाव बंद केलं, घरी गेले, आणि पावणेसातला दारात सायकलची घंटी वाजली.

बाबूंच्या शेजारीण विमलताई. अंगणवाडीच्या कामात वीस वर्षं गेलेली बाई, तिच्याकडे प्रत्येक आजारावर उपाय. त्यांनी कुंपणावरूनच निदान केलं. "दृष्ट लागली भाऊ त्याले. पहिल्या दिवशी शंभर लोकायनं पाह्यलं ना त्याच्याकडं. निंबू-मिरची बांधा." बाबू म्हणाले आमच्यात ते चालत नाही, आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. विमलताई म्हणाल्या, "तुमचा नसन. मशीनचा असू शकते."

बाबूंनी नाही म्हटलं, पण सेवादासनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सहाला निघताना बाबूंना छपाई यंत्राच्या कडेला लिंबू लोंबताना दिसलं. ते रागानं परत खुर्चीवर बसले. दोरा सुटेना. सेवादासला व्याख्यान द्यायचं तर तोही फाटकावर गेलेला, आणि हिशेबाची चौकशी करायला कोणीतरी आलं म्हणून मशीनही उघडावी लागली. या भानगडीत साडेसहा वाजले. खर्र. लिंबाखालून यादी बाहेर आली.

गावभर झालं. तांड्यावरून एक जण खास लिंबू पाहायला आला. दुसऱ्या दिवशी बाबू घरी गेले, लिंबू जागेवर, यादी नाही. सेवादास म्हणाला, "शिळं झालं."

पण सेवादास हा विचार करणारा माणूस होता. त्यानं दोन दिवस डोकं खाजवून एक सिद्धांत काढला. "बाबू, आमची म्हैस. पुष्पाशिवाय कोणाले दूध देत नाई. पुष्पा माहेरी गेली की मी तिचं लुगडं डोक्यावरून घेतो अन् बसतो. म्हैस वास घेते, अन् सोडते पान्हा. ही मशीन तुमच्या हाताची झाली. तुमचं सेटर द्या मले."

बाबूंनी स्वेटर दिलं. माणूस सव्वा महिना हरत आला की काय काय देतो. त्या संध्याकाळी सेवादास बाबूंचं राखी स्वेटर घालून, बाबूंच्या खुर्चीत, बाबूंसारखी मान तिरपी करून साडेसहापर्यंत बसला. गाडीवान खिडकीशी चिडीचूप. मशीन बंद नावानं तशीच मख्ख. पावणेसातला सायकलची घंटी वाजली, आणि दारात स्वेटरच उभं राहिलं.

याचं सगळ्यांना हसू येत असे, फक्त एका घरात येत नव्हतं. बाबूंच्या घरात.

मुलगी उर्वशी बीएड झालेली. उमरखेडच्या भगत गुरुजींचा मुलगा अतुल तिला पाहून गेला होता, पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आता मुलीकडच्यांनी जाऊन मुलाचं घर पाहायचं, आणि तिथंच तारीख काढायची, एवढंच राहिलं होतं. गुरुजींना रविवार सोयीचा. पण हंगामात सोमवारची यादी रविवारी संध्याकाळी लागते. पहिल्या रविवारी बाबूंनी निरोप पाठवला, यादी आहे. दुसऱ्या रविवारी पुन्हा, यादी आहे. मग तिकडून गुरुजींच्या आईचा, कौसल्याबाईंचा, निरोप आला. म्हातारी पंच्याहत्तरीची, घरात तिचाच शब्द चालायचा. निरोप अगदी थोडक्यात होता. "बापाले वेळ नसन तं राहू द्या. आमच्या पोराले पोरी आहेत."

उर्वशीनं नुसतं वाढून ठेवलं आणि आत गेली. साधनाबाई मात्र त्या दिवसापासून नवऱ्याशी थेट बोलेनाशा झाल्या. भिंतीशी बोलत. "काही लोकांना पोरीपेक्षा यादी मोठी," असं त्या भिंतीला सांगत, आणि भिंत बाबूंच्या वतीनं गप्प बसे.

तिसऱ्या रविवारी बाबू साधनाबाईंना घेऊन निघाले. साडेचारच्या गाडीनं परत, साडेसहाच्या आत खुर्चीवर, असा बेत. फाटकाशी हंसाबाई भेटल्या. तांड्यावरच्या, एकटीनं शेती पाहणाऱ्या; तीन दिवसांपासून गाडी घेऊन रांगेत होत्या. सोमवारच्या यादीत त्यांचा नंबर लागणार होता.

"बाबू, आज यादी लागन ना? बैलाचा चारा संपला माया. नाई लागली तं मी सकाळी चौकात घेऊन जातो गाडी."

"लागेल बाई. मी येतो ना."

"तुम्ही पोरीच्या कामाले चालले. येऊ नका घाईनं." त्यांनी आपलं मन मोठं करून म्हटलं, पण डोळे यादीच्या रिकाम्या पाटीवर होते. बाबूंना बसमध्ये बसल्यावरही ते डोळे आठवत राहिले.

उमरखेडला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. फोनवर गुरुजींनी पत्ता अगदी प्रेमानं सांगितला होता. "स्टँडवरून आपल्या नेहमीच्या चहावाल्यापासून वर या. जुन्या टाकीपाशी कोणालाही विचारा, गुरुजीचं घर. शेंबडं पोरगंही सांगेल."

आता 'आपला नेहमीचा' चहावाला उमरखेडच्या माणसाचा नेहमीचा. स्टँडबाहेर चहावाले सात. बाबू त्यातल्या सर्वांत नेहमीच्या दिसणाऱ्यापासून वर गेले. जुनी टाकी कुठं म्हणून विचारलं तर एक जण म्हणाला, ती पाडून चार वर्षं झाली. दुसरा म्हणाला, पाडली ती नवी, जुनी तिकडं आहे. गुरुजींचं घर विचारलं तर लोक आपुलकीनं विचारत, "कोणते गुरुजी?" त्या भागात नऊ गुरुजी निघाले. त्यातल्या दोघांच्या घरी बाबू आणि साधनाबाई जाऊन बसले. एका घरी पाणी प्यायले. दुसऱ्या घरी तर चहा घेतल्यावर कळलं की या गुरुजींना मुलगाच नाही, आणि ते बिचारे इतका वेळ हे दोघं शाळेच्या प्रवेशासाठी आले असतील म्हणून बोलत होते.

एक वाजला. पेढ्याची पुडी उन्हानं मऊ झाली. बाबू रडकुंडीला येऊन एका ओट्यावर बसले. "गाव एवढं, गुरुजी समोर कुठंतरी, आणि रस्ता सापडत नाही," ते म्हणाले.

साधनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, आणि अतुलची घडी घातलेली माहिती काढली, स्थळ आलं तेव्हा टाइप होऊन आलेली. तळाशी पत्ता होता. वॉर्ड, गल्ली, घर क्रमांक, सगळं. त्यांनी तो कागद पहिल्या भेटलेल्या सायकलवाल्याला दाखवला. तो इथला नव्हताच, ढाणकीचा होता. तरी त्यानं पाट्या वाचत वाचत दोघांना चार मिनिटांत दारात नेऊन उभं केलं.

"हा कागद तुमच्याजवळ होता?" बाबूंनी विचारलं.

"तुम्ही विचारला का? तुम्ही आपले नेहमीच्या चहावाल्याला शोधत होते." आठवडाभरात त्या पहिल्यांदाच थेट बोलल्या.

आणि बाबू दारातच थबकले. आत कौसल्याबाई काठीवर हनुवटी टेकून वाट पाहत होत्या. पण बाबूंच्या डोळ्यांपुढं चाळीस पावलांवरचा काटा आला. झेड. झेड म्हणजे आपला नेहमीचा चहावाला. मी नावानं बसलो की त्याला ओळख आहे, मी नाव बंद करून उठलो की त्या बिचाऱ्या कामाला कोण झेड, कुठला झेड? परगावच्या माणसासारखं ते साडेसहाला उठतं आणि वणवण फिरतं. त्याला पूर्ण पत्ता द्यायला पाहिजे. एवढी साधी गोष्ट, आणि आपण त्याला लिंबू बांधलं.

"तुमचा फोन कुठं आहे?" बाबूंनी विचारलं. घरात पाऊल टाकल्यावर हे त्यांचं पहिलं वाक्य. जयभीम राहिला, पेढे राहिले.

घरातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गुरुजींना वाटलं, घर पसंत पडलं नाही आणि हा माणूस गाडी बोलावतो आहे. कौसल्याबाई म्हणाल्या, "यादी असन."

"यादीच आहे आजी," बाबू म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. झेड, पूर्ण पत्ता, हंसाबाईंचे बैल. सांगताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे गुरुजी, तुम्ही फोनवर जो पत्ता दिला ना, तो झेड होता." गुरुजी जरा दुखावले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पत्त्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

जाळीचं कापड घातलेला फोन बैठकीत मधोमध होता. काटा रविवारी बाराला बंद होऊन कारकून पुसदला जायचा, तेव्हा ऑफिसात उरला एकटा सेवादास. त्यानं आयुष्यात त्या मशीनवर फक्त स्वेटर घालून बसण्याचं काम केलं होतं. पण हंगामभर फाटकावर मालट्रकांचे नंबर लिहून त्याला इंग्रजी अक्षरं येत होती.

"सेवादास, मशीन चालू कर. माझं नाव दिसेल. त्याच्यावर दाब. आता ते गुप्त शब्द मागेल."

"मागून राह्यलं."

इथं बाबू अडखळले. त्यांनी बैठकीकडे पाहिलं. गुरुजी, अतुल, कौसल्याबाई, दारात उभ्या दोन शेजारणी, आणि खुर्चीच्या टोकावर साधनाबाई. मग फोनवर वाकून हळूच म्हणाले, "एस."

"ऐकू नाई आलं."

"एस," बाबू ओरडले. "एस, ए, डी, एच, ए, एन, ए. मग एक आणि चार."

अतुलनं मनातल्या मनात अक्षरं जुळवली आणि खाली पाहून हसला. साधनाबाईंनी पदर सारखा केला.

"हे चौदा काय?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्याला बदला म्हणते मशीन," बाबू फोनवर हात ठेवून म्हणाले. "एकापासून सुरू केलं होतं. आता चौदा."

"चौदा महिन्यांत दुसरं काही सुचलं नाही?"

"नाही," बाबू म्हणाले. त्यात त्यांना विशेष काही वाटलं नाही, ते परत फोनकडे वळले.

पुढं जे झालं ते पाऊण तास चाललं. झेड खोडायला सांगितलं आणि त्या जागी पूर्ण पत्ता. सुरुवातीला दोन तिरप्या रेघा.

"कोणत्या बाजूनं तिरप्या?"

"डावीकडं डोकं, उजवीकडं पाय. भिंतीला टेकवलेल्या काठीसारख्या."

"भिंत कोणत्या बाजूले?"

अतुल उठला आणि त्यानं आजीची काठी दाराच्या डाव्या चौकटीला टेकवून दाखवली, म्हणजे बाबूंना तरी नक्की कळावं. मग के. "धावजी नाईकांच्या जीपवर शेवटी आहे तो." मग ए, टी, ए. पुन्हा रेघ. मग नोंद या शब्दातला ओ. सेवादासनं गोल दाबला. तो आकड्यातला निघाला, खोडून अक्षरातला दाबावा लागला. तिकडं हंसाबाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांचा आवाज मधून मधून फोनवर यायचा, "सेवादास, नीट पाहून दाब, मायी गाडी आहे त्याच्यावर." बंजारा बोलीत याडी म्हणजे आई; सेवादास म्हणायचा, "हो याडी, आईची गाडी समजून दाबून राह्यलो." पत्ता पुरा झाला. जतन करताना मशीननं गुप्त शब्द पुन्हा मागितला, आणि खात्रीसाठी आणखी एकदा. बाबूंनी बायकोचं नाव व्याह्यांच्या बैठकीत एकूण तीनदा मोठ्यानं ओरडून सांगितलं. दारातल्या शेजारणी सहा झाल्या.

"झालं?" सेवादासनं विचारलं.

"झालं. आता माझं नाव बंद कर, आणि उठ तिथून."

"बंद? कायले? तुमचं नाव उघडं आहे, चालू द्या ना तसंच. मी हात लावत नाई. आज यादी तं निघन."

सेवादासचं बरोबर होतं. नाव उघडं ठेवलं असतं तर काट्याशी ओळख कायम राहिली असती, आणि यादी नक्की निघाली असती. बाबूंना हंसाबाईंचे डोळे आठवले. आज चूक झाली तर सकाळी ती गाडी चौकात जाणार. पण नाव उघडं ठेवून निघालेली यादी ही बाबूंचीच यादी झाली, आणि मग पुढचा रविवार, आणि उर्वशीचं लग्न, आणि कार्यवृत्तातलं ते वाक्य.

"साडेचारची गाडी आहे," ते साधनाबाईंना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"पत्ता पूर्ण लिहिला ना?" साधनाबाई म्हणाल्या. "मग सापडेल. आपल्याला सापडलं की."

बाबूंनी फोन कानाला लावला. "बंद कर सेवादास. आणि खोलीला कुलूप घाल. साडेसहाला उघड."

साडेचारची गाडी गेली. घर पाहून झालं, मागची विहीर पाहून झाली, तारीखही निघाली; बाबू प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. सव्वासहाला बोलणं आपोआप थांबलं. गुरुजी, अतुल, शेजारणी, सगळे फोनभोवती. साडेसहा. पावणेसात. फोन गप्प. बाबूंनी लावला, तिकडं घंटी वाजत राहिली, उचलेना कोणी. सात वाजायला आले तेव्हा बाबू उठून उभे राहिले आणि चपला शोधू लागले. कौसल्याबाई म्हणाल्या, "बसा. पायी जाता काय महागावले?"

सात वाजून पाच मिनिटांनी फोन आला.

"बाबू, कधीची लागली. कुलूप उघडलं तं कागद खाली पडून होता."

"मग फोन का उचलला नाहीस?"

"फाटकावर होतो ना. लोकं वाचून राह्यले होते. हंसाबाई याडीचा तिसरा नंबर आला, तिनं बैलाले शेजारच्या गाडीवरून चारा घेतला, आता भाकर थापून राह्यली." सेवादास पुढं म्हणाला, "अन् बाबू, एक सांगू? कोणी तुमचं नाव बी नाई काढलं. बाबू कुठं आहे म्हणून एकानंही नाई विचारलं."

बाबूंनी फोन ठेवला. सव्वा महिना ज्यासाठी जीव टाकला ते झालं होतं. यादीला माणसाचा हात लागला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? नाही लागली?" साधनाबाईंनी विचारलं.

"लागली," बाबू म्हणाले. "कोणी विचारलंसुद्धा नाही मला."

कौसल्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि आत पाहून म्हणाल्या, "यायच्यासाठी पानं वाढा रे. आता व्याही कुठी जात नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये साधनाबाई खिडकीशी बसल्या. महागाव जवळ आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्यांची शेपटी दिसू लागली. बाबू एकेक गाडी मोजत होते.

"एक तारीख परवा आहे," साधनाबाई बाहेर पाहतच म्हणाल्या.

"हो."

"मग आता काय ठेवणार?"

"पंधरा," बाबू म्हणाले.